चपळाईचे दिवे

आमच्या सोसायटीच्या फुटबॉल संघात सात जण खेळतात आणि मी असतो. हे वाक्य माझं नाही, माझ्या मेहुण्याचं आहे. देवव्रत त्याचं नाव. राहतो घाटकोपरला, वयाने माझ्यापेक्षा चांगला सहा वर्षांनी लहान, आणि तिथल्या सोसायटीच्या संघाचा कप्तान. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या सोसायट्यांची चाळिशी उलटलेल्यांसाठी दरवर्षी एक स्पर्धा असते. गेल्या वर्षी त्या स्पर्धेत मी सगळा वेळ रेषेबाहेर उभा होतो. राखीव खेळाडू उभाच असतो, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण भाऊबीजेला माझ्याच घरी, माझ्याच बायकोने ओवाळल्यावर, माझ्याच घरचा अनारसा खाता खाता देवव्रत ते वाक्य बोलला आणि अख्खी सासरवाडी हसली. माझी बायको रश्मीसुद्धा हसली. नंतर म्हणाली, मला ठसका लागला होता.

मी जावई आहे हो त्या घरचा. जावयाला दिवाळीत पाटावर बसवतात, मेहुण्याने त्याच्या पाया पडायचं असतं. हा पायाही पडला, नाही असं नाही, पण वाकताना हसत होता. त्याच क्षणी मी ठरवलं की पुढच्या वर्षी आपण सातांत असणार, देवव्रतच्या संघाविरुद्ध खेळणार आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोल मारणार. बाकी आयुष्यात मला फार काही नको होतं. घर झालंय, गुडघे अजून आपलेच आहेत.

अडचण एकच होती, संघाची निवड. ती आमचे सेक्रेटरी धोंडिराम सावंत करतात. त्यांची पद्धत साधी आहे. स्वतः सावंत, मग गोलकीपर लहू भोईर, मग नेहमीचे यशस्वी, आणि पुढच्या फळीत चैतन्य म्हात्रे. चैतन्य सहा फुटी, एके काळी कंपनीच्या संघाकडून खेळलेला. तो असेपर्यंत माझा नंबर लागणं शक्य नव्हतं. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. पुराव्याशिवाय मी कुणाच्या मोडलेल्या हातावरही विश्वास ठेवत नाही, आणि इथे चैतन्य चांगला खेळतो याला पुरावा काय, तर म्हणे सगळ्यांना दिसतं. दिसणं हा काय पुरावा झाला?

म्हणून मी मीटिंगमध्ये मुद्दा मांडला की जगभर आता खेळाडूंची चपळाई यंत्राने मोजतात आणि यंत्रानेच वाढवतात. बशीएवढे आठ दिवे असतात. ते मैदानावर इकडे तिकडे ठेवायचे. त्यातलाच एखादा पेटतो, आपण धावत जाऊन त्याच्यावर पाय न्यायचा, की तो विझतो आणि भलतीकडचा दुसरा पेटतो. कुणाला किती वेळ लागला ते मोबाइल सांगतो. वशिला नाही, ओळख नाही, निव्वळ विज्ञान. सावंतांनी विचारलं, आणणार कोण? मी म्हटलं, मी आणतो, पण मग संघ आकड्यांवर निवडायचा. ते हो म्हणाले, कारण चहा आला होता.

खोकं आलं ते नवरात्रात. मी ऑफिसातून येईपर्यंत निम्म्या बिल्डिंगने ते उघडून पाहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी एका दिव्यावर उभं राहून वजन पाहिलं आणि काटा बिघडलेला आहे असं सांगितलं. कुणाला ती डास मारायची मशीन वाटली. तळमजल्याच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन समजावलं की चपळाईच हवी असेल तर रविवारी सकाळी मुलुंडच्या भाजी मार्केटात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एक फेरी मारावी, फुकटात होते. पहिल्या मजल्यावरच्या लताबाई कारखानीस म्हणाल्या, निळे दिवे त्यांच्या हॉलमध्ये चमकता कामा नयेत, त्यांना निळ्याचा त्रास होतो. मी विचारलं, कसला त्रास. त्या म्हणाल्या, ते झाल्यावर सांगेन.

खरा घोळ पुढे झाला. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत काहीही मांडायचं तर कमिटीची परवानगी लागते, आणि परवानगी द्यायची तर ती वस्तू कुठल्यातरी नियमात बसावी लागते. खेळाच्या साहित्यात दिवे बसत नव्हते, कारण तिथे फक्त कॅरम आणि टेबल टेनिस लिहिलं आहे. विजेच्या उपकरणांत घातले तर पंपवाल्याची सही लागत होती आणि पंपवाला गावी गेला होता. शेवटी दिव्यांबद्दलचा एकमेव नियम सापडला, तो होता मंडप आणि रोषणाईचा. त्याखाली परवानगी मिळाली. मला आनंद झाला. मी त्या नियमाच्या पुढच्या ओळी वाचल्या नाहीत. दावे विभागातल्या माणसाने हे करावं, याला काय म्हणावं?

पुढच्या ओळी अशा होत्या की रोषणाईचा प्रारंभ रीतसर पूजेने होईल. सावंत म्हणाले, बरंच झालं, परवा खंडेनवमी आहे, एवीतेवी सगळ्या यंत्रांची पूजा करायचीच आहे, त्यातच तुमचे दिवे उरकू. मी म्हटलं, त्याची गरज नाही, हे इलेक्ट्रॉनिक आहे. त्यावर सावंतांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान डोलावली. त्यांच्या लिफ्टचीही पूजा होते आणि ती त्यांच्या मते म्हणूनच चालते. ती वर्षातून कितीदा बंद पडते, हे तेव्हा काढण्यात अर्थ नव्हता. मला पूजेपेक्षा सराव महत्त्वाचा होता.

तर खंडेनवमीला जिन्याखाली सगळी मंडळी ओळीने बसली. म्हणजे पाण्याचा पंप, शिडी, प्लंबरचा पाना, वॉचमनची काठी, कुणाकुणाच्या किल्ल्या आणि माझे आठ दिवे. सावंतांच्या पत्नी सगुणावहिनींनी प्रत्येक दिव्याला हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा मी दिवे आणि नारळ यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. यंत्रात नारळाचं पाणी गेलं असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मीच तो फेटाळला असता. नारळ माझ्या पायापाशी फुटला, पँट भिजली, दिवे वाचले. आरतीला वहिनींनी मलाच पुढे उभं केलं. दिवे आणणारा म्हणून मान दिला.

दसरा झाल्यावर पहाटे पहिला सराव सुरू झाला. मी दिवे मांडले, मोबाइलवर बटण दाबलं. पहिला मान सेक्रेटरींचा. कोपऱ्यातला दिवा निळा पेटला. सावंत धावले, वयाच्या मानाने बरे धावले, आणि दिव्यावर न्यायला त्यांनी पाय उचलला. एवढ्यात वरच्या खिडकीतून सगुणावहिनींचा आवाज आला, "अहो, पाय कित्याक लावतास? परवाच पूजा केलंव ना त्येंची."

सावंतांचा पाय हवेत थांबला. मैदानावरचे सगळेच थांबले. खरं सांगतो, तोपर्यंत हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पूजा केलेल्या वस्तूला पाय लावायचा नसतो, हे आम्हाला माहीत होतं, आणि दिव्यांवर पाय न्यायचा असतो, हेही माहीत होतं. ही दोन्ही ज्ञानं मेंदूत वेगवेगळ्या मजल्यांवर राहत होती आणि त्यांची जिन्यात कधी गाठच पडली नव्हती. सावंतांनी पाय हळूच मागे घेतला, खाली वाकले, दिव्याला हाताने स्पर्श केला, आणि पाय जवळजवळ लागलाच होता म्हणून तो हात कपाळाला लावला. दिवा विझला. यंत्राची काही तक्रार नव्हती. त्याला हात काय आणि पाय काय, समोर काहीतरी आलं म्हणजे झालं. मोबाइलमधली बाई इंग्रजीत म्हणाली, छान.

मग दुसरा गेला, त्यानेही वाकून हात लावला आणि कपाळाला नेला. तिसराही तसाच. लहू भोईर भांडुपच्या कोळीवाड्यातला, घरचा मासळीचा धंदा, होडीत पाऊल टाकण्याआधी होडीच्या पाया पडणारा माणूस. त्याला तर हे सांगावंच लागलं नाही. मी स्वतः देवभोळा नाही. पण लहानपणापासून पुस्तकाला पाय लागला, वहीला लागला, धान्याला लागला, शेजारी बसलेल्या माणसाला लागला, की हात आधी तिकडे आणि मग कपाळाकडे जातो. तो मेंदूला विचारत नाही. नीट पाहिलं तर चपळाई म्हणतात ती हीच, नाही का? मी सगळ्यांना तसं सांगितलं. पाय असो वा हात, प्रतिसाद जलद होणं महत्त्वाचं, असं मी म्हणालो आणि माना हलल्या.

एकटा प्रीतम वाघमारे तयार नव्हता. प्रीतम दुसऱ्या मजल्यावर राहतो, मरोळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे वडील परभणीहून इथे आले. त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, यंत्रांची पूजा होत नाही. तो आपल्या पाळीला सरळ धावत गेला आणि आठही दिव्यांवर धडाधड पाय नेऊन परत आला. त्याची वेळ आमच्या निम्म्यावर आली. वरची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

यावर तासभर चर्चा झाली. सावंतांचं म्हणणं, भावना दुखावतात. प्रीतमचं म्हणणं, दिव्याला भावना नाहीत आणि त्याच्या घरचा तो रिवाज नाही, तर त्याच्यावर जबरदस्ती कशी? ते सावंतांनाही पटलं, कारण माणूस सरळ आहे. शेवटी असं ठरलं की ज्याचा त्याचा रिवाज ज्याला त्याला. प्रीतमने पायाने करावं, बाकीच्यांनी हाताने, आणि प्रीतमचे आकडे तुलनेत धरू नयेत. त्याच्याइतकं दमदार पळणारा दुसरा कुणी नसल्यामुळे तो संघात तसाही असणारच होता. प्रीतम मला म्हणाला, "हातानेच खेळायचं तर नेट लावू या ना यार, व्हॉलीबॉल खेळू." मी त्याला शांतपणे विज्ञान समजावलं. त्याने ते ऐकून घेतलं, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

सराव जोरात सुरू झाला. लताबाईंना निळ्याचा त्रास होईना, उलट सोसायटीतले एवढे पुरुष पहाटे उठून वाकून वाकून नमस्कार करताहेत हे पाहून त्यांचं मत आमच्याबद्दल एकदम चांगलं झालं. त्या गॅलरीतून हात जोडायच्या. मग खाली येऊन एका दिव्यावर जास्वंद ठेवायला लागल्या, आणि त्या फुलालाच यंत्र खेळाडू समजायला लागलं. दोन दिवस आमच्यापेक्षा जास्वंदीची वेळ चांगली येत होती. मी त्यांना विनवून फूल बाजूला ठेवायला लावलं. त्याबद्दल नानांनी मला नास्तिक म्हटलं.

पण आकडे सुधारत होते, आणि मला जे हवं होतं तेच ते सांगत होते. मी पहिला येत होतो. रोजच्या रोज पहिला. माझी उंची बेताची, जमीन मला जवळ पडते. शिवाय रश्मीच्या मते मी लग्न झाल्यापासून सोफ्याखाली चष्मा शोधत असल्यामुळे वाकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सगळ्यांत शेवटी येत होता चैतन्य. सहा फूट उंची, त्यात कमरेचं दुखणं. तो दिव्यापाशी वाऱ्यासारखा पोचायचा आणि मग वाकायला लागायचा. अर्धा वाकेपर्यंत बाकीच्यांचा नमस्कार आटोपलेला असायचा.

निवडीच्या दिवशी मी मोबाइल सगळ्यांसमोर धरला. सावंत जरा घुटमळले. चैतन्यला बाहेर ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि मी त्यांना आठवण करून दिली की मीटिंगमध्ये काय ठरलंय. चैतन्य म्हणाला, ठीक आहे, यंत्रच म्हणतंय तर. त्याचा चेहरा पडला होता. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण चार मिनिटांपेक्षा जास्त वाटलं नाही. घरी येऊन मी रश्मीला म्हटलं, "तुझ्या माहेरी कळव. सातांत आहे म्हणावं मी, आणि पुढच्या फळीत."

रश्मीने कळवलं. पहिल्या फेरीत आमची गाठ देवव्रतच्याच संघाशी पडली होती, त्यामुळे माहेरची सगळी मंडळी सामन्याला येणार असं ठरलं. सासूबाई येणार, मामेसासरे येणार, पुण्याची मावशीसुद्धा येणार. देवव्रतचा फोन आला. म्हणाला, भावोजी, मनापासून अभिनंदन. त्यात हसू होतं की नव्हतं ते फोनवर कळलं नाही.

एक गोष्ट तेव्हाच ध्यानात यायला हवी होती. ऑफिसात एके दिवशी जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा दिवा लागला आणि मी साहेबांशी बोलता बोलता वाकून त्याला हात लावला आणि कपाळाला नेला. साहेबांनी खुर्ची थोडी मागे घेतली. सावंतांचं म्हणाल तर लिफ्टचं बटण पेटलं की ते नमस्कार करायचे, पण ते आधीही करत असावेत. आम्ही याला सरावाची खूण समजलो. अंगात मुरल्याशिवाय चपळाई येत नाही, असं मी म्हणायचो.

सामना रविवारी सकाळी होता. ऑक्टोबरचं ऊन आठालाच पाठ भाजत होतं. मैदानाच्या एका बाजूला खुर्च्यांवर माझी सासरवाडी ओळीने बसली होती, मावशींनी तर थर्मासही आणला होता. पंच चेंबूरहून आलेले, मिशीवाले, हसणं माहीत नसलेले गृहस्थ. त्यांनी नवा कोरा, चकचकीत बॉल मधोमध ठेवला आणि शिट्टी मारली.

पहिल्यांदा बॉल सावंतांकडे गेला. जमिनीलगत, सरपटत, छान चकाकत गेला. सावंत वाकले, त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. शिट्टी वाजली. पंच म्हणाले, हॅंडबॉल. सावंतांना काय झालं ते स्वतःलाच कळलं नाही. त्यांनी माफी मागायला हात जोडले. पुढच्या पाचच मिनिटांत आमच्या तिघांनी तेच केलं. एकाचा तर देवव्रतच्या खेळाडूला पाय लागला, तर त्याने धावता धावता मागे वळून त्या माणसाच्या पोटरीला हात लावून नमस्कार केला, आणि तोवर बॉल आमच्या गोलात जाऊन बसला. पंचांना वाटलं, आम्ही त्यांची चेष्टा करतोय. सावंतांनी तिसऱ्यांदा बॉलच्या पाया पडून पंचांसमोर हात जोडल्यावर त्यांनी सावंतांना पिवळं कार्ड दाखवलं. देवाला नमस्कार केल्याबद्दल कार्ड मिळालेले सावंत मुलुंडमधले पहिलेच असावेत.

वाट लागणार हे दिसत होतं, पण लागली नाही, कारण गोलात लहू होता. गोलकीपरला हात चालतात. वाकून जमिनीवरची वस्तू पकडण्यात तो इतका तरबेज झाला होता की आमच्या हॅंडबॉलमुळे त्यांना मिळालेल्या दोन पेनल्टी त्याने अडवल्या. प्रत्येकदा बॉल कपाळाला लावून त्याने परत फेकला. आणि पुढे प्रीतम होता, एकटाच पायाने खेळत. मध्यंतराच्या जरा आधी तो चौघांना चुकवून गेला आणि गोल मारून आला. बरोबरी झाली. मावशींनी चुकून आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरात सावंत माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, अनिरुद्ध, तू जरा बस, चैतन्यला उतरवतो, त्याला हात लावायची सवय झालेली नाही, कारण त्याचा हात खाली पोचायचाच नाही. बोलणं साधं होतं आणि बरोबर होतं. चैतन्य बूट बांधून तयार उभा होता. मी खुर्च्यांकडे पाहिलं. देवव्रत पाणी पीत सासूबाईंना काहीतरी सांगत होता आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पिशवीतून मोबाइल काढला, आलेख दाखवला आणि म्हटलं, सावंतसाहेब, सगळ्यांत जलद कोण आहे ते इथे आहे, आणि मी आतापर्यंत एकदाही बॉलला हात लावलेला नाही. हे खरं होतं. बॉल अजून माझ्याकडे आलाच नव्हता. सावंतांनी खांदे उडवले. चैतन्यने बुटाची नाडी सोडली.

दुसऱ्या भागात उन्हाने सगळ्यांचे पाय जड झाले. मी मात्र ठरवलं होतं, काही झालं तरी हात पाठीमागे धरून धावायचं. तसा मी धावलोही. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, आजोबा फिरायला निघाले. मी लक्ष दिलं नाही. वेळ संपत आली. प्रीतम डावीकडून सुटला, त्यांचा गोलकीपर पुढे आला आणि प्रीतमने त्याला चकवून बॉल मधे ढकलला. माझ्याकडे. गोल उघडा होता. नुसता उघडा. रेषेपुढे उभा होता एकटा देवव्रत, आणि त्याच्या पोटरीत पेटका आला होता. तो एका जागी खिळून दात ओठ खात उभा होता. त्याला हलता येत नव्हतं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हैस जाईल एवढी जागा होती.

वर्षभर मी हाच क्षण पाहत आलो होतो, अगदी याच क्रमाने. सासरवाडी उभी राहिली. मोबाइल वर झाले. रश्मी, माझी रश्मी, स्वतःच्या सख्ख्या भावाविरुद्ध, माझं नाव घेऊन ओरडली. त्या एका हाकेसाठी मी काहीही केलं असतं. बॉल हळूहळू माझ्या समोर आला आणि देवव्रतच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबला. नवा, गोल, चकचकीत. त्यावर ऊन पडलं आणि तो लखकन चमकला.

मी पाय उचलला होता. हे मी शपथेवर सांगतो, व्हिडिओतही दिसतं. पाय उचलला होता, आणि तो तसाच हवेत थांबला. मग माझे हात पाठीमागून सुटले. मी वाकलो. एवढ्या झपाट्याने मी सरावातही कधी वाकलो नव्हतो, मोबाइल जवळ असता तर विक्रमाची नोंद झाली असती. मी बॉलला हात लावला, तो हात कपाळाला नेला आणि डोळे क्षणभर मिटले.

शिट्टी वाजली असावी. मला ती लांबून ऐकू आली. डोळे उघडले तेव्हा समोर देवव्रतचे बूट होते, आणि माझं डोकं त्या बुटांसमोर, थेट त्या बुटांसमोर, खाली होतं. खुर्च्यांवर कुणी हसत नव्हतं. सगळे मोबाइल माझ्यावर रोखलेले होते. पुण्याच्या मावशींच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. जावई मेहुण्याच्या पाया पडलेला त्या घराण्यात कुणी पाहिला नव्हता.

मला उठायचं होतं, पण कमरेने ऐकलं नाही. मी तसाच वाकलेला राहिलो. देवव्रतच्या पोटरीत अजून गोळा होता, घामाने त्याचा चेहरा लाल झाला होता, तरी तो थोडा पुढे झुकला. लहानपणापासून त्यालाही घरात वळण लागलेलंच आहे, हात आपोआप जातो. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून, हसण्याचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाला,

"असू द्या, भावोजी, असू द्या."